माशातून शरीरात येणारी ‘कायमची रसायनं’ : सांगवीच्या संगमापासून उजनीच्या चिलापीपर्यंत

जुन्या सांगवीजवळ पवना आणि मुळा एकत्र येतात. पलीकडे दापोडी, मागे पिंपरी-चिंचवडचं सगळं शहर. पवनेवर अधूनमधून पांढरा फेस चढतो, त्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात आणि दोन-तीन दिवस एकच चर्चा चालते : असल्या पाण्यातले मासे कोण खातं? मग कोणीतरी म्हणतं, आम्ही नदीचे खातच नाही, आम्ही समुद्राचे खातो. आणि विषय संपतो.

विषय तिथे खरं तर सुरू होतो. माशातून माणसाच्या शरीरात जाणाऱ्या टिकाऊ रसायनांचा फेसाशी फारसा संबंध नसतो, वासाशीही नसतो. आणि ‘समुद्राचा मासा’ म्हटलं की सुटलो, असंही नसतं. कोणतं रसायन, कोणता मासा आणि तो कुठल्या पाण्यात वाढला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. त्या तीन गोष्टी आज जरा नीट उलगडून बघू.

आधी फेसाचं बघू

नदीवरचा फेस बहुतेक वेळा डिटर्जंटचा असतो. घराघरांतलं कपड्यांचं आणि भांड्यांचं पाणी, त्यात फॉस्फेट, कुजणारा मैला, आणि बंधाऱ्यावरून पाणी पडताना मिसळणारी हवा. थेरगावचा केजुदेवी बंधारा किंवा आळंदीची इंद्रायणी आठवा, म्हणजे फेस नेमका पाणी उंचावरून पडतं तिथेच का दिसतो ते कळेल. हे प्रदूषण वाईटच आहे. त्याने पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरून काठाला लागतात. पण मेलेला मासा बाजारात फारसा येत नाही. आपल्या ताटात येतो तो जगलेला मासा. म्हणजे ज्या रसायनाने मासा मरत नाही, उलट त्याच्या अंगात गुपचूप साठत जातं, ते खाणाऱ्यासाठी जास्त महत्त्वाचं.

अशा रसायनांना ‘टिकाऊ प्रदूषक’ म्हणतात. निसर्गातले जिवाणू, ऊन, पाणी यांच्याने ती लवकर तुटत नाहीत. खाणारा प्राणी ती लवकर बाहेर टाकू शकत नाही. आणि ती एका जागी बसत नाहीत, पाण्याबरोबर आणि हवेबरोबर लांब जातात. हे तीन गुण एकत्र आले की एक साधं गणित सुरू होतं.

पाण्यात नगण्य, माशात भरपूर : हे होतं कसं?

बारावीच्या जीवशास्त्रात डीडीटीचं एक उदाहरण असतं. अनेकांनी ते मार्कांपुरतं पाठ केलेलं असतं. पाण्यात डीडीटी ०.००३ पीपीबी. पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत तेच ०.०४ पीपीएम होतं (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). छोट्या माशात ०.५ पीपीएम, मोठ्या माशात २ पीपीएम, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात २५ पीपीएम.

आता हे आकडे एकाच मापात आणून भागाकार करा. पाण्यापासून मोठ्या माशापर्यंत वाढ होते सुमारे साडेसहा लाख पट. पक्ष्यापर्यंत ऐंशी लाख पटींच्या वर. पाण्याचा नमुना तपासणाऱ्याला ‘जवळजवळ काहीच नाही’ असा रिपोर्ट मिळेल, आणि त्याच पाण्यातला मोठा मासा बरंच काही घेऊन फिरत असेल.

कारण सोपं आहे. छोटा मासा आयुष्यभर सूक्ष्म जीव खातो. त्यांच्यातलं अन्न पचतं, जळतं, बाहेर पडतं. डीडीटी मात्र चरबीत जाऊन बसतं. मोठा मासा असे शेकडो छोटे मासे खातो. प्रत्येक पायरीवर अन्न खर्च होतं आणि रसायन शिल्लक राहतं. मासे खाणारा माणूस या शिडीवर वरून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बसलेला असतो. भाजी खाताना आपण इतक्या वर नसतो. म्हणून माशांची चर्चा वेगळी करावी लागते.

डीडीटी ही जुनी गोष्ट झाली असं वाटेल. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. पण मलेरिया आणि काळा आजाराच्या फवारणीसाठी ते चालू राहिलं आणि त्याच्या उत्पादनाच्या जागांपैकी एक आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला होती. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मांस आणि माशांसाठी डीडीटीची मर्यादा ७ पीपीएम अशी चक्क छापलेली आहे. डीडीटीचाच एक चुलतभाऊ म्हणजे पीसीबी. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तो वापरला जायचा. जुने ट्रान्सफॉर्मर भंगारात गेले की तेल जमिनीत आणि नाल्यात जायची भीती. भारताने २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात थांबवली आणि वापर पूर्ण बंद करायला ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख दिली.

पीएफएएस : चरबीत न बसणारा पाहुणा

गेल्या काही वर्षांत ज्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणजे कायमची रसायनं म्हटलं जातं, ती ही. हजारो संयुगांचं हे एक मोठं कुटुंब आहे. सगळ्यांत एक गोष्ट समान : कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात घट्ट जोड्यांपैकी ही एक. पाणी चिकटत नाही, तेल चिकटत नाही, उष्णतेने बिघडत नाही. म्हणून नॉनस्टिक तवा, रेनकोट, तेल न शोषणारा खाण्याचा कागद, विमानतळावरचा आग विझवणारा फोम, सेमीकंडक्टर असं सगळीकडे हे कुटुंब पोहोचलं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांसाठी यातला एक उपयोग सांगायलाच हवा. हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार उडतात. ते कामगारांच्या नाकात जाऊ नयेत म्हणून टाकीत एक द्रव घालतात, तो वर पातळ थर धरतो आणि तुषार दाबतो. जगभर या कामासाठी अनेक वर्षं पीएफओएस वापरलं गेलं. पीएफओएस हे पीएफएएस कुटुंबातलं सगळ्यात बदनाम नाव. म्हणजे कामगाराचं फुप्फुस वाचवण्यासाठी घातलेली वस्तू टाकी धुताना नाल्यात जाते. ऑटो पार्टचं प्लेटिंग जिथे होतं, अशा जगातल्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्याला हा प्रश्न विचारायला हवा : तुमच्या टाकीत तुषार दाबायला काय घालता, आणि त्याचं पुढे काय होतं? भोसरी आणि चाकण त्याला अपवाद का असावेत?

डीडीटी आणि पीसीबी चरबीत साठतात. पीएफएएसमधली पीएफओएससारखी संयुगं प्रथिनांना चिकटतात. म्हणून ती रक्तात, यकृतात जास्त सापडतात आणि माशाच्या गाबोळीतही उतरतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. चरबीत बसणारं रसायन असेल तर माशाची कातडी आणि पोटाकडची चरबी काढली, मासा जाळीवर भाजला आणि चरबी गळू दिली, तर थोडं तरी कमी होतं. कालवणात ती चरबी रश्शातच राहते आणि आपण रस्सा भाताबरोबर ओरपतो, ते वेगळं. पीएफएएसला मात्र यातलं काहीच फारसं लागू पडत नाही. तळा, उकडा, भाजा. ते तसंच राहतं.

शरीरात गेल्यावर ते किती टिकतं? पीएफओएसचं प्रमाण माणसाच्या रक्तात निम्म्यावर यायला सुमारे ३ ते ५ वर्षं लागतात. म्हणजे आज खाल्लेलं पुढच्या गणपतीपर्यंत निघून गेलं, असं होत नाही.

एक छोटा हिशोब

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये चार प्रमुख पीएफएएस मिळून एक साप्ताहिक मर्यादा सांगितली : शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ही मर्यादा कशावरून ठरली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. आईच्या शरीरात आयुष्यभर साठलेलं पीएफएएस दुधातून बाळात जातं आणि वर्षाच्या बाळाला लस दिल्यावर जितकी प्रतिकारशक्ती तयार व्हायला हवी तितकी होत नाही. हा परिणाम टाळायचा म्हणून तो आकडा. त्याच अहवालात लोकांच्या शरीरात पीएफएएस नेणाऱ्या पदार्थांत मासे, फळं आणि अंडी यांचा वाटा मोठा असल्याचं म्हटलं आहे.

६० किलोच्या माणसाला आठवड्याची मर्यादा झाली २६४ नॅनोग्रॅम.

आता दुसरा आकडा. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२३ पासून माशांतल्या पीएफएएसवर कायद्याची मर्यादा घातली. बऱ्याचशा माशांसाठी त्या चार रसायनांची बेरीज किलोमागे २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, म्हणजेच दर ग्रॅम मांसात २ नॅनोग्रॅम. २६४ भागिले २, उत्तर १३२ ग्रॅम. कायद्याच्या अगदी काठावर असलेला, पण पूर्ण कायदेशीर मासा, ६० किलोच्या माणसाने आठवड्यात १३२ ग्रॅम खाल्ला की त्याचा आठवड्याचा कोटा संपला. हे तर मोजमाप होत असलेल्या ठिकाणचं.

आणि गोड्या पाण्याचं काय? अमेरिकेत पर्यावरण खात्याने २०१३ ते २०१५ या काळात नद्या आणि तलावांतून गोळा केलेल्या पाचशेहून जास्त नमुन्यांचं विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. गोड्या पाण्यातल्या माशांत सगळे पीएफएएस मिळून मध्यम पातळी किलोमागे ९,५०० नॅनोग्रॅम निघाली. दुकानात मिळणाऱ्या माशांपेक्षा ती कित्येक पट जास्त होती. शहरांना लागून वाहणाऱ्या नद्यांत जास्त सापडणार हे उघडच आहे. शहराचं सगळं पाणी त्यांच्यातच जातं.

मग सांगवीचं पाणी जातं कुठे?

पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात. तो शहराच्या वरच्या अंगाला आहे. सांगवी मात्र खालच्या टोकाला. म्हणजे शहराने वापरून सोडलेलं पाणी सांगवीवाल्यांच्या नळाला येत नाही, डोळ्यांसमोरून वाहून जातं. ते पुढे संगमवाडीला मुठेला भेटतं, मुळा-मुठा दौंडच्या अलीकडे भीमेत जाते. चाकण आणि तळेगावच्या बाजूचं पाणी इंद्रायणीवाटे तुळापूरला भीमेत येतं. आणि हे सगळं जाऊन थांबतं उजनीच्या जलाशयात. १९८० पासून उभं असलेलं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या धरणांपैकी एक.

उजनीत मासेमारी चालते. भिगवणचा मासळी बाजार त्यावर उभा आहे. चिलापी, मरळ, वाम, शिंगटा, कटला अशी मासळी तिथून आसपासच्या जिल्ह्यांत जाते आणि पुण्याकडेही येते. भिगवणला हायवेवर थांबून चिलापी फ्राय खाल्ली नाही असा पुणे-सोलापूर प्रवास अनेकांना अपुरा वाटतो. थोडक्यात, पाणी इथून जातं आणि मासा होऊन परत येऊ शकतं.

मध्ये मैलाशुद्धीकरण प्रकल्प आहेत ना? आहेत, सांगवीतही आहे. पण हे प्रकल्प काय करायला बांधलेत ते बघा. जिवाणूंना हवा देऊन मैला खायला लावायचा, गाळ खाली बसवायचा, पाणी पुढे सोडायचं. जिवाणू मैला खातात, कार्बन-फ्लोरिनची जोडी तोडत नाहीत. इतकंच काय, पीएफएएस कुटुंबातली काही मोठी संयुगं या हवेच्या टाकीत अर्धवट तुटून पीएफओएस किंवा पीएफओए बनतात. त्यामुळे प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात या दोघांचं प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त सापडल्याची उदाहरणं जगात वारंवार नोंदली गेली आहेत. यात प्रकल्प चालवणाऱ्यांची चूक नाही. ते यंत्र त्या कामाचं नाही. ग्रॅन्युलर ॲक्टिव्हेटेड कार्बन, आयन एक्सचेंज रेझिन किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस लावलं तर पीएफएएस अडवता येतं. पण अडवलेलं पुढे कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतोच. म्हणून ते नाल्यात यायच्या आधी, कारखान्याच्या दारातच थांबवणं सगळ्यात स्वस्त.

मोजमापाचंही तसंच. नदी किती खराब आहे हे सांगणारा पाण्याचा निर्देशांक विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, सामू आणि विष्ठेतले जिवाणू यांवर काढतात. या चारही आकड्यांत नदी उत्तम ठरली, तरी पीएफएएसबद्दल एक अक्षर कळत नाही. ते मोजायला लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री असं जोडयंत्र लागतं, जे पाण्यातले नॅनोग्रॅम पकडतं. नदी सुधार योजनेच्या जाहिरातीत ‘बीओडी १० च्या आत आणणार’ असं वाचलं की चांगलंच वाटतं. पण तो आकडा या विषयाचा नाही.

कोकणातली एक गोष्ट, जिच्यावर लक्ष ठेवायला हवं

इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिसिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी नावाचा कारखाना पीएफएएस बनवत होता. २०१३ मध्ये त्या भागातल्या पिण्याच्या पाण्यात ही रसायनं सापडल्याचं उघड झालं. बाधित भागातल्या लोकसंख्येचा आकडा साडेतीन लाखांच्या घरात सांगितला जातो. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी व्हेनेतो प्रांताच्या प्रशासनाने सगळ्यात बाधित पट्ट्यात स्थानिक नद्यांतले पकडलेले मासे खाण्यावर बंदी घातली. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने कंपनीशी संबंधित ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

आता यात आपला काय संबंध? दिवाळखोरीनंतर त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात निघाली. ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या समूहाने, आणि ती आणली रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत. हे काही गुपित नाही. २०२१ मध्ये कंपनीचा आयपीओ आला तेव्हा गुंतवणूकदारांसाठीच्या कागदपत्रांत ते लिहिलेलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवू. यंत्रं आली म्हणजे प्रदूषण झालं, असं होत नाही. त्रिसिनोत जे झालं ते सांडपाणी हाताळण्यातून झालं आणि तीच यंत्रं वेगळ्या शिस्तीने चालवता येतात. पण लोटे ज्या खोऱ्यात आहे तिथलं पाणी शेवटी दाभोळच्या खाडीत जातं. त्या खाडीतले मच्छीमार लोटेच्या सांडपाण्याबद्दल आणि मरणाऱ्या मासळीबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. आणि दाभोळ-हर्णैच्या बाजूची मासळी पुण्यात येते. इटलीत पाणी बिघडल्यावर मोजणी सुरू झाली. शहाणपण म्हणाल तर आत्ताच, उत्पादन वाढायच्या आधी, खाडीतल्या बोय, कालवं आणि चिंबोऱ्यांचे नमुने घेऊन ठेवावेत. उद्या वाद झाला तर ‘आधी किती होतं’ हा आकडा कोणाकडे तरी असेल. तो आकडा नंतर कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

कायद्याचं चित्रही सांगून टाकतो. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार २००४ पासून लागू आहे, भारत २००६ मध्ये त्यात आला. या करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आलं. भारताने २०१८ च्या नियमांनी जी सात रसायनं बंद केली, त्यांत ही दोन्ही नव्हती. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

समुद्राचा मासा : इथे पारा मोठा

समुद्राच्या माशाचं दुखणं वेगळं आहे. तिथे मुख्य नाव मिथाइल पारा. कोळसा जाळणारी वीजकेंद्रं, सोन्याच्या खाणी, काही जुने कारखाने यांतून पारा हवेत आणि पाण्यात जातो. तळाच्या गाळात, ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात, आणि मग तीच शिडी. जपानमध्ये मिनामाता गावात १९५६ मध्ये या विषबाधेची पहिली अधिकृत नोंद झाली. खाडीतले मासे खाणारे कोळी आणि त्यांची मुलं तिचे बळी ठरले. पारा हा मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होण्याचा प्रश्नच नाही. एक दिलासा एवढाच की मिथाइल पारा माणसाच्या शरीरातून निम्मा व्हायला साधारण ५० दिवस घेतो, वर्षं नाही. म्हणजे खाण्यात बदल केला तर काही महिन्यांत फरक पडतो.

इथे माशांमाशांतला फरक प्रचंड आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे सरासरी आकडे बघा : शार्क ०.९८ पीपीएम, सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद ०.०१३, अँकोव्ही म्हणजे मांदेलीच्या घराण्यातले ०.०१६, कोळंबी ०.००९, चिलापी ०.०१३. शार्क आणि तारली यांच्यात ७५ पट अंतर.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोला ९६ मायक्रोग्रॅम. या सरासरीने हिशोब केला तर शार्क ९८ ग्रॅममध्ये मर्यादा गाठतो. तारलीला तेवढं गाठायला सात किलोच्या वर खावी लागेल, आणि एवढी तारली आठवड्यात कोणी खात नाही.

शार्क म्हणजे आपली मोरी, काही ठिकाणी मुशी. आणि इथेच एक नाजूक मुद्दा येतो. किनारपट्टीवरच्या अनेक घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून आवर्जून मोरीचं कालवण देतात. आजी-सासूबाई प्रेमाने करतात, त्यात वाईट हेतू कसला? पण मिथाइल पाऱ्याचा सगळ्यात मोठा धोका पोटातल्या बाळाच्या आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूला असतो. गरोदरपणात तो वारेतून थेट बाळाकडे जातो, नंतर काही प्रमाणात दुधातून. अमेरिकेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जे मासे टाळावेत त्या यादीत शार्क आहे. लहान मोरीत मोठीपेक्षा पारा कमी असणार, कारण ती कमी वर्षं जगलेली असते. तरीही त्या काही महिन्यांत मोरीऐवजी मांदेली, तारली, बोंबील, कोळंबी यांचं कालवण केलं तर बाळंतिणीला प्रथिनं मिळतात, तारलीतून ओमेगा-३ ही मिळतं आणि आजींची पद्धतही मोडत नाही. घरात हा विषय काढताना ‘तुमचं चुकतं’ असं न म्हणता माशाचं नाव बदलून मागितलं तर काम सोपं होतं, असा माझा अंदाज.

सुरमईबद्दल इंटरनेटवर एक घोळ आहे. परदेशी याद्यांत ‘किंग मॅकरेल’ टाळा असं असतं आणि आपल्याकडे सुरमईला किंगफिश म्हणतात, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. ते चुलतभाऊ आहेत, एक नाहीत. पण सुरमई हाही शिकारी आणि मोठा होणारा मासा आहे. तेव्हा रोजच्या रोज नको, आणि घेताना राक्षसी आकाराच्या सुरमईपेक्षा मध्यम बरी. बांगडा खालच्या पायरीवरचा, त्याची एवढी काळजी नको.

बाजारात उभं राहून काय करायचं?

मासे सोडायचे का? मुळीच नाही. डोळ्यांना, हृदयाला, बाळाच्या मेंदूला मासे उपयोगी आहेत. त्याच अमेरिकी सल्ल्यात गरोदर बाईने आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खावेत असंच म्हटलेलं आहे.

सांगवी-पिंपळे गुरवच्या मासळीवाल्या मावशींना विचारायचा प्रश्न एकच : मावशी, हा कुठला? रोहू-कटला बऱ्याचदा आंध्रच्या तळ्यांतून बर्फात येतो, चिलापी-मरळ-वाम उजनीची असू शकते, बांगडा-बोंबील मुंबई-रत्नागिरीचा. त्या खरं सांगतात, त्यांना गिऱ्हाईक टिकवायचं असतं. उजनीचा किंवा शहराखालच्या नदीचा मासा महिन्यातून एखाद-दोनदा खाणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही. पण तोच मासा आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं, असं असेल तर पाणी बदला, म्हणजे मासा दुसरीकडचा घ्या. चिलापी खालच्या पायरीची असल्यामुळे तिच्यात पारा कमी असतो, पण पीएफएएस मुख्यतः पाण्यात किती आहे त्यावर ठरतं. तिथे चिलापीचा साधेपणा कामाला येत नाही. नदीच्या माशाचं काळीज आणि गाबोळी लहान मुलांना नको. खेकड्याच्या कवचातला पिवळसर मऊ भाग अनेकांना आवडतो. खाडीच्या खेकड्यात तो भाग गाळणीसारखा असतो, तेव्हा तो कमी.

काठावर गळ टाकून बसणाऱ्यांसाठी आणि भीमेकाठी मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र हा सल्ला अपुरा आहे. त्यांच्या घरी रोजचा मासा तोच असतो, आणि ‘दुसरीकडचा घ्या’ म्हणणं त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी उत्तर बाजारात नसून तपासणीत आहे. भिगवणच्या बाजारातून वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, चिलापी, मरळ आणि वाम यांचे प्रत्येकी काही नमुने; सोबत सांगवी आणि दापोडीच्या संगमाखालचं पाणी; आणि औद्योगिक पट्ट्यातून नदीत उतरणारे मोठे नाले. पीएफओएस, पीएफओए, मिथाइल पारा, डीडीटी, पीसीबी एवढ्या पाच गोष्टी मोजायच्या आणि आकडे मराठीत जाहीर करायचे. महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अन्न प्रशासन या तिघांपैकी कोणीही हे सुरू करू शकतं. सांगवीतल्या एखाद्या सोसायटीला किंवा नदीप्रेमी गटाला निवेदन द्यायचं असेल, तर ‘नदी स्वच्छ करा’ असं लिहिण्यापेक्षा वरची पाच नावं आणि तीन जागा लिहून द्या. त्या पत्राला ‘बीओडी कमी झाला आहे’ असं उत्तर देता येत नाही.